उंबऱ्याबाहेरचा भोंगा

ठमाबाईंनी मळलेलं पीठ परातीत तसंच सोडलं, अंगण ओलांडलं आणि दगडी उंबऱ्याबाहेर दोन्ही पाय टाकल्यावरच तोंड उघडलं.

"ए भागू! लाकडं म्हणून काय आणून टाकलंस रं हे? पिळलं तर तांब्याभर पाणी निघंल. दोन दिस चूल नुसती धुपतीय. माझं डोळं गेल्यावर तुझी आई येणार हाय का भाकऱ्या थापायला?"

खालच्या वळणावर मोळी टेकवून बसलेला भागू मान वर न करताच बोलला, "आय कशी येईल मावशी? ती तर तुझ्यापरीस आंधळी हाय."

"मग बायकूला धाड. ती तरी सुकी लाकडं वळखती का बघू."

"तिनं वळखलं असतं तर मला केला असता का?"

ठमाबाई उरलेली शिवी पुरी करूनच वळल्या. उंबऱ्याच्या आत पाय पडताच त्यांचे ओठ मिटले आणि कपाळावरची आठीसुद्धा उतरली. परत येऊन त्या भाकरी थापू लागल्या. ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या राघूनं सूप तोंडासमोर धरलं, हसू आवरून खांदे हलेनासे होईपर्यंत.

डिंभ्याच्या पुढं धरणाच्या कडेनं जो रस्ता जातो, त्याच्या वरच्या टेकाडावर मुक्याबाबांचा मठ. बाबा कधीच गेले. मागं राहिला त्यांचा एक नियम: उंबऱ्याच्या आत शब्द नाही, बाहेर काय वाटेल ते. त्यामुळं त्या अख्ख्या डोंगरात सगळ्यात जास्त गोंगाट कुठं होत असेल तर तो मठाच्या पायरीवर. शेळीचा सौदा, सोयरिकी, भावकीची भांडणं, सगळं तिथं. आतला माणूस दिवसातून चार वेळा बाहेर येऊन साचलेलं बोलणं टाकून जाई, तंबाखू थुंकून यावं तसं.

राघूला तेही करता येत नव्हतं.

राघू निरगुडसरचा. माघ लागला की वैशाख सरेपर्यंत, जुन्नर म्हणू नका, आंबेगाव म्हणू नका, जिथं बैलगाड्यांची शर्यत तिथल्या घाटावर माइक त्याच्या हातात. घाट म्हणजे शर्यतीची चढाची वाट. खालून चार बैलांचा गाडा सुटायचा, पुढं घोडी पळायची, आणि गाडा निशाणाला लागेपर्यंत कुणाचा गाडा, कुठलं गाव, कोणता बैल कसं अंतर तोडतोय हे सगळं एका दमात राघू पुकारायचा, शेवटी 'भिर्रर्र... झाली!' ही आरोळी. वीस वर्षं हेच. त्याचं आडनाव लोक विसरले होते. गावोगावी त्याला भोंगा म्हणायचे, आणि तोही ओ द्यायचा.

माघातच एका जत्रेत भर दुपारी त्याच्या गळ्यातून शब्दाऐवजी नुसता वारा आला. मंचरच्या डॉक्टरनं घशात आरसा घालून बघितलं.

"गाठी आल्यात. महिनाभर एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही. तेवढं पाळलंत तर चैत्रातल्या तुमच्या जत्रेला बोलाल. मधेच ओरडलात तर आवाज फाटेल. आणि फाटलेला आवाज शिवून देता येत नाही, सांगून ठेवतो."

घरी आल्यावर कळलं की गावात मुकं राहणं ही चैन आहे. लोक त्याचं न बोलणं बघायला यायचे. कोणी बरगडीत बोट खुपसायचं, कोणी मागून येऊन "गाडा सुटला!" म्हणून ओरडायचं, बघू तोंडातून काय निघतंय. वीस वर्षं ज्याच्या तोंडाकडं बघून माणसं नाचली, त्याच्या बंद तोंडाची त्याच माणसांनी करमणूक करून घेतली. शेवटी बायकोनं, हिरानं, पिशवी भरली.

"जा त्या मठात. हितं तुमाला कुणी मुकं ऱ्हाऊ द्यायचं न्हाई."

पहिले काही दिवस राघूला मठ खायला उठला. जेवताना पत्रावळीचा आवाज, पाणी ओतल्याचा आवाज, एवढंच. जीभ तोंडात परक्याच्या वस्तूसारखी पडून. मग एका दुपारी सारवलेल्या जमिनीवर तो आडवा झाला आणि उठला तेव्हा उन्हं कलली होती. असं झोपून किती वर्षं झाली ते त्याला आठवेना. घाटावर राहायचं म्हणजे सतत कोणाच्या तरी नावाच्या मागं धावायचं. ह्याचं नाव राहिलं, त्याच्या बैलाचं नाव राहिलं, अध्यक्षांच्या मेव्हण्याचं नाव राहिलं. इथं कुणाचंच नाव घ्यायचं नव्हतं. घशातला काटा हळूहळू बोथट झाला. त्यानं ठमाबाईंच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि तेव्हापासून तांदूळ तोच निवडू लागला.

कुंडलिकबाबा आले ते अशाच एका सकाळी. तांबडं मुंडासं, काखेत घोंगडी, काठी. कोणाला काही न विचारता ते अंगणाच्या खालच्या कठड्यापाशी जाऊन बसले, जिथून धरणाचं पाणी दिसतं. बसले ते बसलेच. दुपारी पंगतीला आले, राघूच्या समोर बसले, पहिला घास तोंडाशी नेला आणि तसाच धरून राहिले.

"तू भोंगा न्हवं का रं?"

आवाज एवढा मोठा की पंगतीतल्या एका बाईच्या हातातलं भांडं सुटलं. कुंडलिकबाबांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी पुन्हा तितक्याच जोरात विचारलं, "राघू भोंगा? निरगुडसरचा?"

ठमाबाई धावत आल्या, म्हाताऱ्याच्या दंडाला धरून त्यांना अंगणातून ओढत बाहेर घेऊन गेल्या. राघूही मागोमाग गेला. हात खरकटेच.

"दर साली हेच," उंबऱ्याबाहेर पडताच ठमाबाई राघूला म्हणाल्या. "ठार बहिरा हाय. सोताचं वरडणं सोताला ऐकू येत न्हाई, मग नेम कसला पाळतोय? मठाचं म्हाराज काय म्हणत न्हाईत. मीच आपली ढोरावानी वढीत नेती."

"ही काय म्हणतीय?" कुंडलिकबाबांनी राघूला विचारलं.

राघूनं हात जोडले. हो, मीच भोंगा, अशी मान हलवली.

म्हातारा पायरीवर बसला. जरा वेळ राघूच्या तोंडाकडं बघत राहिला.

"मी जांभूळठावचा. तू आमच्या शेवटच्या जत्रंला पुकारलं व्हतंस. मला वळखत न्हाईस तू. तुला शंभर गावं. आमाला येकच."

राघूनं मान हलवली. ओळखतो, अशी. पण ओळखीची खूण कशी करायची ते त्याला सुचेना. त्यानं दोन हातांनी शिंगं दाखवली, एक सरळ, एक वाकडं. कुंडलिकबाबांच्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं झालं.

"पाखऱ्या! आरं, तुला पाखऱ्या ध्यानात हाय!"

मग ते थांबलेच नाहीत. बहिऱ्या माणसाचं बोलणं तसंच, मधे कोणी बोलेल ही धास्ती नाही. "मी धरणाच्या कामावर व्हतो. सुरुंगावर. आमचं गाव बुडवायला आमीच दगड फोडलं बघ, आन् वर हजेरीचं पैसं घेतलं. दुसरं काम कुठं व्हतं? कान तिथंच गेलं. आदी पाखरं गेली. मग बायापोरांचं बोलणं गेलं. मग बैलाच्या गळ्यातली घंटा. जत्रा आली तवा निम्मं गेलं व्हतं. पर तू झाडावर भोंगा बांधून माझा गाडा पुकारलास, आन् मला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. गावाचं नाव, बापाचं नाव, पाखऱ्याचं नाव. त्याच्यानंतर..." त्यांनी हात हवेत झटकला. "त्याच्यानंतर कुणाचं काय धड ऐकलंच न्हाई मी."

त्यांनी राघूचं मनगट धरलं.

"येकदा म्हण की रं. तसंच."

राघूचा हात आपोआप गळ्यावर गेला. ठमाबाईंनी म्हाताऱ्यासमोर हातवारे केले: गळा, डॉक्टर, बंदी. त्यांना ते समजलं असावं.

"बरं बरं. ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "न्हाई तरी तोंडी म्हणलास तर मला काय कळणार? भोंगा लागतो त्याला. भोंगा छातीत कळतो." आणि काठी टेकत आत गेले. कठड्यापाशी.

त्या दुपारी राघूला झोप लागली नाही.

जांभूळठावची ती जत्रा ही त्याची पहिली जत्रा होती, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तालुक्यात तेव्हा पुकारणारा एक मोठा माणूस होता. त्यानं नकार दिला. बुडत्या गावाच्या जत्रेत जाऊन मिळणार काय? मग गावकरी ह्या निरगुडसरच्या नवख्या पोराकडं आले. गावात नोटिसा लागून गेल्या होत्या. काही घरांच्या चौकटी काढून गाडीत घातलेल्या. दारं नसलेल्या घरांपुढं बायकांनी रांगोळ्या काढल्या होत्या. मासवडीचा वास गल्लीभर. नदीकाठच्या उंबरावर दोन भोंगे, खाली ट्रॅक्टरची बॅटरी, आणि एका फळीवर उभा राघू. कोणता गाडा कुणाचा ते सांगायला शेजारी एक म्हातारी बसवलेली. ती कानात सांगायची, तो ओरडायचा. संध्याकाळी गाडे संपले तरी लोक घाटावरून हलेनात. कोणीतरी म्हणालं, बंद करू नको, बोलत राहा. काय बोलू? काहीही बोल. मग त्यानं घरांची नावं घेतली, विहिरींची घेतली, शेतांची घेतली. म्हातारी सांगत गेली आणि तो पुकारत गेला, बॅटरी उतरेपर्यंत.

दुसऱ्या वर्षी पाणी अडवलं.

ते पाणी खालच्या उसाला गेलं. उसाची साखर झाली, साखरेवर माणसं आमदार झाली. आणि जांभूळठावची माणसं गेली शिरूरकडच्या उघड्या माळावर, पत्र्याच्या खोल्यांत. तिथल्या मूळच्या लोकांनी त्यांना पाणवठ्यावर उभं केलं नाही. ज्यांच्या घरांवरून धरण भरलं, त्यांच्या बायका डोक्यावर हंडा घेऊन टँकरची वाट बघत राहिल्या. ह्याला विकास म्हणायचं असेल तर म्हणा खुशाल. राघूला एवढंच माहीत होतं की एसटीच्या पाटीवरून ते नाव गेलं, शर्यतीच्या पुकाऱ्यातून गेलं, आणि आता ते नाव मोठ्यानं घेणारा एकच माणूस उरला होता, ज्याला ते स्वतःला ऐकू येत नव्हतं.

मठात पुण्याचीही माणसं येत. मोटारी खाली लावून, पाण्याच्या बाटल्या घेऊन, दोन दिवस मौन धरायला. माणसं वाईट नव्हती, दमलेली होती. त्यातल्या एका बाई संध्याकाळी पायरीवर आल्या. पाण्यावर उन्हाचा पट्टा पडला होता. पलीकडचा डोंगर पाण्यात उलटा दिसत होता.

"किती शांत आहे ना इथं," त्या ठमाबाईंना म्हणाल्या. "कानावर काहीच पडत नाही. असं वाटतं, जायलाच नको परत."

ठमाबाई भांडी घासत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "पूर्वी न्हवतं शांत. खाली गाव व्हतं. जातं, कुत्री, पोरं, गिरणी, सासवा-सुना. बाबा मुकं बसायचं ते त्या कलकलाटात बसायचं, तवा त्याला मौन म्हणायचं. आता काय? गावच बुडवलं म्हणल्यावर शांतच असणार."

बाईंनी खाली बसून एक भांडं विसळायला घेतलं. ठमाबाईंनी घेऊ दिलं.

राघू हे ऐकत होता. मग आत जाऊन तो कठड्यापाशी, कुंडलिकबाबांपासून हातभर अंतरावर बसला. म्हातारा पाण्याच्या एका जागेकडं बघत होता. तिथं काहीही नव्हतं.

अमृत आला तो गुरुवारी, अकराच्या उन्हात. जत्रा कमिटीच्या अध्यक्षांचा पुतण्या, पांढरे बूट, शर्टाच्या खिशात दोन पेनं. जीप घाट चढून आली तेव्हा आधी तिचा धूर आला, मग ती. मागच्या फळीला एक भोंगा बांधलेला. जत्रेची दवंडी पिटत तो गावोगाव फिरत होता.

"राघूआण्णा! भाईर या. आत आलो की मला गुदमारतं राव."

राघू बाहेर आला. अमृतनं त्याला वरून खाली न्याहाळलं.

"तब्येत लई भारी झालीय की! ठमामावशी तूप घालती वाटतं?"

"तूप घालायला तुझा काका म्हैस धाडतो का?" ठमाबाई उंबऱ्याबाहेर येत म्हणाल्या.

"आण्णा, सरळ सांगतो," अमृतनं आवाज खाली केला. "पोस्टर आज छापायला टाकायचंय. काका म्हणले, जा, राघूचा आवाज ऐकून ये. आला आसंल तर तुमचं नाव टाकू. नसंल तर बोरी बुद्रुकच्या भैरूचं टाकायचं ठरलंय. कॉलेजात शिकलाय. मधी मधी टीव्हीवरचं हिंदी मारतो, 'दिल थाम के बैठिए' आन् काय काय. पोरं शिट्ट्या मारत्यात. पर जुनी माणसं म्हणत्यात, आपला घाट, आपला भोंगा."

राघूनं दोन्ही हातांची मिळून आठ बोटं वर केली.

"आठ दिस? आठ दिसांनी पोस्टर छापून काय जत्रा झाल्यावर चिटकवू? येक वाक्य म्हणा, आण्णा. नुसतं हॅलो म्हणा. मी जाऊन सांगतो, वाघ हाय तसाच हाय म्हणून."

"आरं, त्याचा गळा म्हंजी काय तुझ्या काकाची मोटार हाय?" ठमाबाई कडाडल्या. "बटण दाबलं की पाणी? आठ दिस दम निघत न्हाई तुमाला?"

"मावशी, मी काय वाईट करतोय का? आण्णाचंच नाव ऱ्हावं म्हणून आलोय ना येवढ्या उन्हात?"

ते खरंही होतं. अमृतला राघूविषयी माया होती. त्याच मायेनं कमिटी दर वर्षी राघूला टॉवेल, टोपी आणि नारळ द्यायची, फोटो काढायची, आणि मग रात्रीच्या तमाशाच्या बिदागीवर भांडायला बसायची. राघूच्या घरी टॉवेलांची एक चळत होती. हिरा त्यातले शेजारणींना बाळंतपणात द्यायची.

राघूनं मान हलवली. नाही. आठ दिवस थांबायचं. नाव गेलं तर गेलं. महिनाभर जपलेला गळा एका हॅलोवर उधळायचा नाही. त्यानं अमृतच्या खांद्यावर हात ठेवला, थोपटला आणि वळला. एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

तेवढ्यात त्याला कुंडलिकबाबा दिसले. ते केव्हा बाहेर आले ते कोणालाच कळलं नव्हतं. जीपच्या मागं उभे होते. भोंग्याच्या कडेवरून त्यांनी तळहात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग वाकून भोंग्याच्या तोंडात डोकावून बघितलं.

"ह्यो लागतोय का?" त्यांनी अमृतला विचारलं. पाण्यापलीकडं ऐकू जाईल एवढ्यानं.

"लागतोय, बाबा, लागतोय. बाजूला व्हा. कान फुटंल."

म्हाताऱ्यानं मान हलवली, समजल्यासारखी. बाजूला मात्र झाले नाहीत. राघूकडं त्यांनी बघितलंही नाही. काही मागितलं नाही. उद्या त्यांना परत माळावर, पोराकडं जायचं होतं. दर साली येणं होईल असं काही ह्या वयात नसतं. ते नुसते भोंग्यापाशी उभे राहिले, पाण्याकडं तोंड करून.

राघूचा एक पाय आत होता, एक बाहेर.

मग त्यानं आतला पाय बाहेर घेतला, जीपपाशी गेला आणि माइकसाठी हात पुढं केला.

"आता कसं!" अमृतनं खूष होऊन मशीन चालू केलं. भोंगा एकदा किंचाळला आणि स्थिर झाला. "हॅलो म्हणा, आण्णा."

राघूनं कुंडलिकबाबांच्या खांद्यांना धरून त्यांना भोंग्याच्या अगदी जवळ आणलं. त्यांचा डावा कान पुढं केला. एक हात त्यांच्या पाठीवर ठेवला.

"ऐका हो, ऐका..."

स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नाही. एकाच वेळी दोन आवाज निघत होते, एक वर, एक खाली, मधे उभी चीर. ठमाबाईंनी पदर तोंडाला लावला. राघू थांबला नाही. अजूनही थांबता आलं असतं. एवढ्यावर थांबला असता तर कदाचित गळा वाचलाही असता.

"गाव जांभूळठाव... जांभूळठावकर कुंडलिक धोंडिबा यांचा गाडा घाटात आलाय. कडंची माणसं मागं सरा. पोरंहो, उंबरावरनं खाली उतरा. घोडी सोडा मोकळी. धुरंला बिजल्या, जोडीला पाखऱ्या, वाकड्या शिंगाचा पाखऱ्या, बघून घ्या मंडळी, असा बैल पुन्यांदा दिसायचा न्हाई... सुटला! सुटला! गाडा सुटला! पाखऱ्या तोडतोय, पाखऱ्या तोडतोय, भिर्रर्रर्र... झाऽऽऽ..."

तो शब्द वर चढताना फाटला. कापडाचा ताणलेला तुकडा फाटावा तसा, शेवटपर्यंत. पुढं नुसता वारा. राघूनं डोळे मिटून त्या वाऱ्यानंच तो पुरा केला. पलीकडच्या डोंगरावरून आवाज परत आला, तोही फाटकाच. मठाच्या आतली माणसं दारापर्यंत येऊन उभी राहिली होती.

अमृतनं माइक त्याच्या हातातून हळूच काढून घेतला. वायर कोपराभोवती गुंडाळू लागला. नीट गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली.

"बरं हाय, आण्णा," तो वायरकडं बघत म्हणाला. "आराम करा तुमी. काकाला सांगतो मी. पुढच्या साली बघू."

जीप उतार उतरून गेली. वळणावर त्यानं भोंगा चालू केला असता तर ऐकू आलं असतं. त्यानं केला नाही.

कुंडलिकबाबा अजून तिथंच उभे होते, भोंगा नसलेल्या जागेकडं कान करून. मग त्यांनी छातीवर हात ठेवला, दोनदा थापटला.

"तसाच हाय," ते म्हणाले.

ठमाबाईंनी राघूकडं बघितलं.

"आवाज. तसाच हाय रं, पोरा. जराबी बदलला न्हाई," म्हातारा म्हणाला.

राघू हसला. हसताना गळ्यातून घोगरा खुळखुळाट आला, आणि तो त्यानं येऊ दिला. आता जपायचं काही उरलं नव्हतं. खांद्यांवरून कोणीतरी मोठं ओझं न विचारता उतरवून नेलं असावं, तसं त्याला वाटलं. त्यात चीड होती का, दुःख होतं का, हे बघायला तो गेला नाही. वीस वर्षांत त्याच्या तोंडून हजारो गाड्यांची नावं गेली होती. त्यातल्या एकाही मालकाला त्यानं पुढची गोष्ट विचारली नव्हती. वेळच नसायचा. मागचा गाडा तयार असायचा.

तो पायरीवर बसला आणि म्हाताऱ्याला हाताला धरून शेजारी बसवलं.

"बाबा," तो त्या नव्या, चिरफाळलेल्या आवाजात म्हणाला, "पाखऱ्याचं पुढं काय झालं?"

कुंडलिकबाबांना ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण ते राघूच्या तोंडाकडं बघत होते, आणि ते नाव ओठांवर कसं दिसतं ते त्यांना माहीत होतं. त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली, घोंगडी सारखी केली आणि सांगायला सुरुवात केली.